जपानी उबुंटू, आपला कीबोर्ड आणि पाकळीचा ल

पहिलाच खोळंबा झाला तो वाय-फायच्या पासवर्डापाशी. पेनड्राइव्हवर घेतलेल्या जपानी उबुंटूवरून (उबुंटू म्हणजे विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) लॅपटॉप सुरू झाला, सगळ्या पाट्या जपानीत आल्या, तिथवर ठीक. पासवर्ड टाकायला गेलो, शिफ्ट धरून दोनचा आकडा दाबला, तर ॲटच्या (@) जागी दुहेरी अवतरणचिन्ह उमटलं. जपानी कीबोर्डवर ॲटला स्वतंत्र कळ असते, पीच्या उजव्या हाताला, जिथं आपल्याकडं चौकटी कंस असतो. ते सापडलं. मग अंडरस्कोअर. तो काही केल्या सापडेना, कारण तो ज्या कळीवर असतो ती कळच आपल्या कीबोर्डवर नाही. जपानी कीबोर्डला उजव्या शिफ्टच्या अलीकडं एक जादा कळ असते, अंडरस्कोअर तिच्यावर. लॅपटॉपला वाटतंय समोर १०९ कळांचा जपानी कीबोर्ड आहे, आणि माझ्या बोटांखाली आपल्याकडं सगळीकडं मिळतो तो अमेरिकी मांडणीचा. शेवटी मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. त्याचा पासवर्ड नुसत्या आकड्यांचा आहे, आकडे सगळीकडं जागच्या जागी असतात.

हे सगळं का करत होतो ते सांगतो. माझं लक्ष्मीपुरीत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तालीम मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तकं, बिलबुकं, आणि अलीकडं बहुतेक डिजिटल. (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: डिजिटल म्हणजे फ्लेक्सचा फलक. वाढदिवसाचा, निवडीचा, फुटबॉल संघ जिंकल्याचा.) दिवसभर हात मराठी अक्षरांत असतो. भाची जपानी शिकतेय, डिसेंबरात पुण्याला जेएलपीटीची परीक्षा द्यायची म्हणते. एका संध्याकाळी दुकानात आली आणि म्हणाली, "मामा, मला जपानीत टाइप करता येईल असा एखादा कंप्युटर दे की."

"मोबाइलवर येतंय की तुला."

"मोबाइलवर निबंध लिहीत बसू व्हय?"

तसं बघितलं तर विंडोजमध्येही जपानी जोडून घेता येतं, त्यासाठी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची काही गरज नाही. पण मला स्वतःलाच बघायचं होतं. आपल्याकडं मराठी ही नेहमी नंतर जोडायची गोष्ट असते: आधी संगणक, मग त्यात मराठी. जी सिस्टिम जपानी माणसांनी जपानी माणसांसाठीच तयार केली, ती सुरू झाल्या क्षणापासून कशी वागते, याची उत्सुकता होती. शोधायला लागलं की वाइन लिनक्सचं नाव पुढं येतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जपानी स्वयंसेवकांनी सुरू केलेली, पण २०२१ मध्ये तिचं काम थांबलं. म्हणून मग उबुंटूची जपानी रिमिक्स घेतली. उबुंटूच्या जपानी गटातले लोक मूळ उबुंटूत जपानी फॉन्ट, जपानी टायपिंग आणि बाकीच्या सेटिंग आधीच घालून ती तयार करून ठेवतात. फुकट आहे. आयएसओ फाइल (म्हणजे अख्ख्या सिस्टिमची एक फाइल) उतरवली, पेनड्राइव्हवर चढवली, कोपऱ्यात पडलेला चार जीबी रॅमचा लॅपटॉप पुसून घेतला. सुरुवातीला दोन बटणं येतात: इन्स्टॉल करा, किंवा नुसतं वापरून बघा. आधी दुसरं दाबलं.

मला जपानी येत नाही. भाचीच्या नादानं काताकाना ही त्यांची एक वर्णमाला तेवढी ओळखू येते, आणि गंमत म्हणजे संगणकाच्या मेनूत तेवढ्यावर बऱ्यापैकी निभावतं, कारण इंग्रजीतून उचललेले शब्द ते काताकानातच लिहितात. फाइलचं 'फाइरु', डाउनलोडचं 'दाउनरोदो', डेस्कटॉपचं 'देसुकुतोप्पु'. हळूहळू वाचत गेलं की गाडी ओळखीच्या स्टेशनावर येते. बाकीचं मी आयकॉनच्या जागेवरून धकवलं.

होम फोल्डर उघडला तर आतले फोल्डरही जपानी नावाचे. नुसते दिसायला जपानी नव्हे, डिस्कवर खरोखरच त्या नावानं बसलेले. दिसायला झकास. पण टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी, उघडून डाउनलोडच्या फोल्डरात शिरायचं म्हणजे आज्ञा इंग्रजीत लिहा, मग कीबोर्ड जपानीत न्या, नाव लिहा, त्याचं रूपांतर करा, एंटर, परत इंग्रजीत या. म्हणून कित्येक जपानी लोक इन्स्टॉल झाल्या झाल्या एक आज्ञा देऊन ती नावं पुन्हा इंग्रजी करून घेतात. त्यासाठी तयार आज्ञा आहे, ती जपानी साइटींवर जागोजागी सापडते. भाषेच्या बाबतीत इतके काटेकोर लोक, पण जिथं अडतं तिथं मान वाकवतात. मला ते पटलं.

आता मुख्य गोष्ट, टायपिंग.

जपानी रोजच्या लिखाणात तीन लिप्या मिसळून चालतात: हिरागाना, काताकाना आणि चिनी मुळाच्या कांजी. कांजी हजारोंनी. त्या कीबोर्डवर मावणार कशा? त्यांनी काढलेली वाट अशी की, शब्द उच्चाराप्रमाणे लिहायचा, स्पेस दाबायची, आणि कुठली कांजी हवी ते संगणकानं ओळखायचं. हे पहिल्यांदा लोकांपुढं आणलं तोशिबानं, १९७८ साली, जेडब्ल्यू-१० नावाच्या यंत्रात. वजन २२० किलो, किंमत ६३ लाख येन. आज तेच काम रिमिक्समध्ये 'मोझ्क' नावाचा प्रोग्राम करतो. हा गूगलच्या जपानी कीबोर्डचा खुला अवतार, २०१० मध्ये गूगलनं मुक्त केलेला.

टॅबच्या वरची कळ दाबली की इंग्रजीतून जपानीत. (त्यांच्या कीबोर्डवर तिथं या कामाची खास कळ असते, आपल्या कीबोर्डवर तिरका अपॉस्ट्रॉफी असतो, पण जागा तीच, म्हणून चालून जातं.) मी आधी गावाचं नाव लिहिलं. 'कोरुहापूरु'. त्यांच्याकडं ल नाही आणि शेवटी पाय मोडलेला र चालत नाही, त्यामुळं कोल्हापूरचं असं होतं. पूमधला दीर्घ ऊ लांबवायला डॅशची कळ. एफ-सात दाबलं की सगळं काताकानात. तेवढं बघूनच माझा जीव हरखला.

मग भाची म्हणाली, सरक, मी एक वाक्य दाखवते. तिला क्लासमध्ये सांगितलेलं, जपान्यांचं नेहमीचं कसोटीचं वाक्य: 'किशा नो किशा गा किशा दे किशा शिता.' अर्थ असा की, तुमच्या कंपनीचा बातमीदार आगगाडीनं कचेरीत परतला. तुमची कंपनी, बातमीदार, आगगाडी आणि कचेरीत परतणं, चारींचा उच्चार 'किशा', चारींच्या कांजी वेगळ्या. तिनं पूर्ण वाक्य हिरागानात सलग लिहिलं, मध्ये कुठं थांबली नाही. ओळीखाली रेघ होती. एकदाच स्पेस दाबली. चार ठिकाणी चार वेगळ्या कांजी येऊन बसल्या, बरोबर. शब्द सुटा बघत नाही तो, आख्खं वाक्य बघून ठरवतो. चुकलाच तर बाणाच्या कळांनी त्या तुकड्यावर जायचं आणि स्पेस दाबत पुढचा पर्याय घ्यायचा. तुकडा चुकीच्या जागी तोडला असेल तर शिफ्ट धरून बाण दाबला की तुकडा लहान-मोठा होतो. ही शेवटची सोय बघून मी खुर्चीत पुढं सरकलो. टायपिस्टचे हात कुठं अडतात हे बारकाईनं बघणारा माणूसच असली सोय करतो.

आणखी एक. 'क्यो' म्हणजे आज, असं लिहून स्पेस दाबत गेलं की यादीत आजची तारीखच येते, साध्या सनात आणि त्यांच्या रेवा शकातही. रेवा शक १ मे २०१९ ला सुरू झाला, नवे सम्राट गादीवर आले त्या दिवशी. त्या शकाच्या नावाचं एक जोडचिन्ह लागणार होतं, तर तेवढ्या एका चिन्हासाठी युनिकोडची, म्हणजे जगभरातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाची, १२.१ ही आवृत्ती काढली गेली. मी रोज पत्रिकेत शके आणि तिथी घालतो, ती पंचांग उघडून, हातानं.

हे सगळं बघताना एकच विचार डोक्यात घोळत होता. आपली लिपी कीबोर्डवर मावते. हाच आपला घात झाला.

त्यांची मावत नव्हती. त्यामुळं एकट्यादुकट्या कंपनीला ती मावेल असा जुगाड करणं शक्यच नव्हतं. १९७८ मध्येच त्यांचं कांजींचं पहिलं सरकारी प्रमाण आलं, ६,८०२ चिन्हांचं, आणि कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक हे ठरलं. आपल्याकडं काय झालं? टाइपरायटर होता, त्याच्या कळा होत्या, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवून फॉन्ट करता येत होता. मग ज्यानं त्यानं आपापला केला. ए दाबला की एका फॉन्टमध्ये एक तुकडा, दुसऱ्यात दुसरा. प्रमाण नव्हतं असं नाही. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची सरकारी मांडणी होती, अक्षरांना क्रमांक देणारं १९९१ चं इस्की होतं, पुण्यातच सी-डॅक या सरकारी संस्थेची मंडळी त्यावर काम करत होती. पण छपाईचं मार्केट फॉन्टवर चाललं. आजही माझ्याकडं गिऱ्हाईक जुनी पत्रिका पेनड्राइव्हवर घेऊन येतं, 'यातली फक्त नावं बदला,' आणि उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा, कारण तो फॉन्ट माझ्याकडं नाही. मग फोटोवरून पुन्हा टाइप.

जपान्यांचा हा भाग अगदी स्वच्छ आहे असंही नाही. एकाच अक्षरांना क्रमांक देण्याच्या त्यांच्याकडं दोन-तीन पद्धती चालायच्या, एका पद्धतीची फाइल दुसरीकडं उघडली की तिचंही असंच भजं होतं, आणि त्याला त्यांच्याकडं 'मोजिबाके' असं रीतसर नाव आहे. उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, त्यांच्या प्रमाणात येनच्या चिन्हाच्या क्रमांकावर पडली, म्हणून जपानी विंडोजमध्ये फाइलचा पत्ता आजही येनची चिन्हं घालून दिसतो. पण निदान घोळ मोजके होते, आणि सगळ्यांचे तेच होते.

सहा हजारांहून जास्त कांजींवरही भागलं नाही, हा पुढचा भाग मला जास्त जवळचा वाटला, कारण तो नावांचा आहे. वातानाबे हे तिथलं अगदी सर्रास आडनाव, पण त्यातल्या 'बे'ची कांजी घराघरात वेगळी लिहितात. एखादी जादा रेघ, एखादं वेगळं वळण. नोंदवहीत एक आणि संगणकावर दुसरं असं झालं की माणसं अडतात. तोक्यो विद्यापीठाचे केन साकामुरा यांनी १९८४ मध्ये ट्रॉन प्रकल्प सुरू केला, त्यात बीट्रॉन नावाची डेस्कटॉपची सिस्टिम होती, आणि तिचा एक आग्रह हाच: जितकी अक्षरं माणसं वापरतात तितकी सगळी हवीत. शाळांमध्ये ही सिस्टिम न्यायचं घाटत होतं. १९८९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयानं ट्रॉनला व्यापारातल्या अडथळ्यांच्या यादीत घातलं. नंतर नाव काढलं, पण शाळांचं बारगळलं ते बारगळलंच. तरी १९९९ मध्ये तिचीच पुढची पिढी 'चोकांजी' या नावानं विकायला आली, सव्वा लाखाच्या वर अक्षरं घेऊन. आणि ट्रॉनचंच यंत्रांत बसणारं भावंड, आयट्रॉन, ते मात्र कॅमेऱ्यांत, मोबाइलमध्ये, गाड्यांच्या इंजिनात गुपचूप जाऊन बसलं. डेस्कटॉप हरला, इंजिन जिंकलं.

साकामुरांच्या बाजूची मंडळी युनिकोडवर रागावलेली होती, ते का, हे मला एका कांजीवरून कळलं. 'सरळ' या अर्थाची ती कांजी. जपानी पद्धतीत डावीकडची उभी रेघ खाली येऊन वळते आणि तीच तळाची आडवी रेघ होते. चिनी पद्धतीत तळाला वेगळी सरळ आडवी रेघ. युनिकोडनं चीन, जपान, कोरियाची अशी अक्षरं एकत्र करून २०,९०२ चा पहिला गठ्ठा बांधला, तेव्हा या दोन्हींना क्रमांक एकच पडला. कुठलं वळण दिसणार ते फॉन्ट ठरवणार. त्यामुळं भाषा इंग्रजी ठेवलेल्या कित्येक संगणकांवर आणि मोबाइलवर जपानी मजकूर चिनी वळणानं दिसतो. भाचीनं मोबाइलवर तसं पाहून वहीत तेच गिरवलेलं, सरांनी लाल गोल केला होता. रिमिक्समध्ये ही भानगडच नाही. सिस्टिमची भाषा जपानी, पहिला फॉन्ट जपानी, वळण जपानी.

आता मला सांगा, हे आपल्या ल आणि शचंच नाही का? मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदी ल दांड्याचा. मराठी श देठाचा, हिंदी गाठीचा. सरकारी वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श छापलाय. पण युनिकोडमध्ये दोघांना क्रमांक एकच, आणि फॉन्ट बनवणाऱ्यानं हिंदी वळण धरलं असेल तर कोल्हापूरचा ल दांड्याचाच उमटणार. आमच्या हातानं गेलेल्या किती डिजिटलवर हा परका ल उभा आहे, मोजदाद नाही. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमली की पाकळीचा ल आपोआप येतो. पण ते नेमायचं कुणी? लिहिणाऱ्याला माहीत नाही, आणि संगणक तर इंग्रजीत आहे. जपानी रिमिक्समध्ये ते आधीच नेमलेलं असतं, फरक एवढाच.

मेनूचं भाषांतर नाही मला पाहिजे. मेनू इंग्रजीत असला तरी चालतंय. सिस्टिमनं एवढं धरून चालावं की समोरचा मराठीत लिहिणार आहे: कुऱ्हाडेमधला ऱ्ह कुठल्या कळीवर आहे ते माणसाला शोधावं लागू नये (इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे, बरं का, नंतर हलन्त), ल आपला यावा, आणि 'आज' लिहिलं की शके यावेत. सी-डॅकची बॉस लिनक्स आहे, तिच्यात मराठीही आहे. पण अनेक भाषांना सांभाळणारी सिस्टिम आणि एकाच भाषेच्या हट्टापायी केलेली सिस्टिम, यात फरक पडणारच.

शेवटी लिबरऑफिस, म्हणजे वर्डसारखा लिखाणाचा प्रोग्राम, उघडलं, कारण धंदेवाईक खाज. पानाच्या सेटिंगमध्ये मजकुराची दिशा उभी करता येते, वरून खाली, ओळी उजवीकडून डावीकडं. भाचीकडून दोन वाक्यं लिहून घेतली आणि पान उभं केलं. 'कोरुहापूरु'मधला दीर्घाचा आडवा डॅश आपोआप उभा झाला. पूर्णविराम आपल्या चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यातून उठून वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला. ओळीच्या सुरुवातीला पूर्णविराम येत होता, तो मागच्या ओळीतच राहिला, कारण तसा तो येऊ द्यायचा नाही हा त्यांच्या जुळणीचा नियम आहे आणि तो प्रोग्रामात बसवलेला आहे. कांजी निवडून तिच्या बाजूला बारीक अक्षरांत उच्चार घालता येतो. ते मात्र हातानं लिहावं लागतं, आपोआप भरत नाही. निबंधाच्या चौकटीच्या कागदासारखं आखीव पानही करता येतं. भाचीला तेच हवं होतं. मी तिथंच इन्स्टॉलचं बटण दाबलं.

लॅपटॉप आता तिच्याकडं आहे. चार जीबीवर जरा रडतखडत चालतो, ब्राउझरच्या दोन-तीन खिडक्या उघडल्या की फॅन ओरडायला लागतो, पण निबंध लिहिण्यापुरता बास.

कुणाला करून बघायचं असेल तर आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो आणि इन्स्टॉल न करताही सगळं बघता येतं. सुरू झाल्यावर सगळ्यात आधी सेटिंगमध्ये कीबोर्डच्या पानावर जाऊन अमेरिकी इंग्रजी जोडा, आयकॉनवर कीबोर्डचंच चित्र आहे, जपानी वाचता आलं नाही तरी सापडतं. मग विंडोजच्या चिन्हाची कळ धरून स्पेस दाबली की अदलाबदल होते. आणि वाय-फायच्या पासवर्डात अंडरस्कोअर असेल तर हे काम आधी, वाय-फाय नंतर.